जायच्या आधी शिकलेले शब्द

वावरातून घरी आलं की साडीच्या काठाला कुसळं लागलेली असतात. मुद्दाम कोणी लावून घेत नाही. किस्स्यांचं तसंच आहे. शाळेच्या गेटसमोर तीन बाया रोज येऊन बसल्या, लेकरं सुटेपर्यंत बोलत राहिल्या, की ते चिकटत जातात. मग पुढं कधी तरी रिकाम्या घरात बसून एकेक काढत बसावं लागतं. मी सध्या तेच करते आहे.

आम्ही तिघी आर्णीतल्या एका इंग्रजी शाळेसमोर बसायचो. गेटच्या समोर उसाच्या रसाची रसवंती होती. ती उन्हाळ्यापुरतीच चालायची, बाकीचं वर्ष तिचा बाक रिकामा, म्हणून तो आमचा. संगीताताईंची शेती गावाकडे, कापूस अन् तूर. नवरा तिकडे, अन् त्या मुलाला, वेदांतला, घेऊन आर्णीत खोली करून. माझंही तसंच. आमच्या तांड्यापर्यंत शाळेची गाडी येत नाही, म्हणून खुशीचे पप्पा शेतावर, अन् मी खुशीला घेऊन टिनाच्या लाईनीतल्या एका खोलीत. तिसऱ्या शबाना भाभी. त्या पक्क्या आर्णीच्या, शिवणकाम करायच्या. त्यांची आलिया. तिन्ही लेकरं चौथीत, एकाच वर्गात.

मी सातवी शिकलेली. इंग्रजी म्हणाल तर दुकानाच्या पाट्या वाचण्यापुरती.

त्या वर्षी वर्गाच्या मिसनी सांगितलं, नागपूरला एक हॉस्टेलवाली शाळा आहे, पाचवीपासून पुढं राहणं, खाणं, शिकणं सगळं तिथंच. आधी लेखी परीक्षा, मग तोंडी. तोंडीत शहराचं चित्र दाखवतात अन् लेकरानं त्याच्यावर इंग्रजीत बोलायचं. लेखीत आमच्या तिघांपैकी एकटी खुशी निघाली. अन् खुशीनं तोवर शहर म्हणून पाहिलेलं एक यवतमाळ, तेही डोळ्याच्या डॉक्टरपुरतं.

मला तेव्हा उठता बसता एकच भीती, पोरगी तिथं गप्प उभी राहिली तर? ती बोलली तर काय होईल, हा विचार मला शिवलाच नाही.

*

मिसनी फळ्यावर शब्द लिहून त्याचा फोटो आम्हाला मोबाईलवर पाठवला. क्राउडेड, नॉइझी, पोल्युटेड, ट्रॅफिक जॅम, स्कायस्क्रेपर, रश अवर, स्लम, लोनली. समोर मराठीत अर्थ. खाली लिहिलेलं, ‘घरी प्रॅक्टिस घ्या.’

दुसऱ्या दिवशी मिस गेटवर दिसल्या तशा संगीताताई म्हणाल्या, “मिस, आमी लेकराईले भाकर खाऊ घालतो. इंग्रजी तुमीच खाऊ घाला.”

मिस बाभुळगावच्या, वयानं माझ्याहून लहानच. हसून म्हणाल्या, “ताई, अर्थ तिचा पाठ आहे. पण चित्र समोर ठेवलं की गप्प होते. तिनं त्यातलं काही पाहिलेलंच नाही.”

शबाना भाभी बाकावर बसून कुठल्याशा ब्लाऊजला हुक लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “माप लिए बगैर कपडा नहीं कटता. बच्ची को पहले चीज दिखाओ, फिर नाम बताओ.”

“अन् शहर कुठून आनता?” संगीताताई म्हणाल्या.

“आर्णी है ना.”

तिथंच ठरलं. एकेका शब्दाला आर्णीत एकेक जागा द्यायची, अन् खुशीला तिथं नेऊन उभं करायचं. त्या दोघींची लेकरं निवडली गेली नव्हती, तरी त्या माझ्या पोरीसाठी चालायला तयार झाल्या. आधी मला नवल वाटलं. नंतर त्याचीही सवय झाली, जशी सगळ्याची होते.

*

क्राउडेडला आठवडी बाजार दिला.

मिरचीच्या ढिगाजवळ खुशीला उभं केलं. बाजार भरलेला, मागून धक्के, समोरून हातगाडी. खुशी शिंकत शिंकत विचारते, “मम्मी, किती माणसं झाली की क्राउडेड होते?”

मी पिशवी सावरत होते. संगीताताईंनी सांगितलं, “आपली चप्पल दुसऱ्याच्या पायाखाली गेली अन् मांगं वळून पाहाले जागा नसली, की समजायचं क्राउडेड.”

भाजी घेतली, गूळ घेतला, घरी आलो. दाराशी चप्पल काढायला वाकले तर एका पायात माझी अन् दुसऱ्या पायात कोणाची तरी निळ्या पट्ट्याची.

खुशीनं माझ्या पायाकडे पाहिलं अन् म्हणाली, “व्हेरी क्राउडेड.”

*

ट्रॅफिक जॅमसाठी कापसाचा हंगाम होता, ते बरं झालं. जिनिंगसमोर कापूस भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग हायवेपर्यंत आलेली. तिन्ही लेकरांना घेऊन गेलो. म्हटलं, पाहा, याला म्हणतात ट्रॅफिक जॅम.

लेकरांनी पाहिलं. एक ट्रॅक्टरवाला ट्रॉलीच्या सावलीत दुपट्टा तोंडावर घेऊन झोपलेला. दोघं पत्ते खेळत होते. एकानं तीन दगडांवर चहा मांडला होता. त्यानं आम्हालाही कपबशा दिल्या अन् वेदांतला म्हणाला, “बस बावा, संध्याकाळलोक काही हालत नाही हे.”

वर्गात मिसनी विचारलं तेव्हा खुशी उभी राहून म्हणाली, “इन ट्रॅफिक जॅम, पीपल ड्रिंक टी अँड स्लीप.”

मिस म्हणाल्या, “नाही बेटा. पीपल गेट अँग्री. शहरात लोक चिडतात, हॉर्न वाजवतात.”

“काहून मिस? गाडी तर पुढं जातच नाही. मंग झोपा लागते नं.”

शाळा सुटल्यावर आलियानं आम्हाला हे सांगितलं. म्हणे मिसनी खडू खाली ठेवला अन् म्हणाल्या, “बरोबर आहे तुझं. पण परीक्षेत अँग्री म्हण.”

*

स्कायस्क्रेपर म्हणजे पाण्याची टाकी. त्याहून उंच आर्णीत दुसरं काय दाखवणार? लेकरं मान मागं टाकून वर पाहत उभी.

“पन त्या बिल्डिंगीत मानसं राह्यतात म्हनते नं मिस,” संगीताताई म्हणाल्या. “विसाव्या मजल्यावर.”

शबाना भाभींनी डोळ्यावर हात धरून टाकीचं टोक पाहिलं. “बीसवें माले पर पापड कहाँ सुखाते होंगे?”

“इकत घेत असतीन.”

“और झगडा हो गया तो? गुस्से में नीचे उतरते उतरते आदमी ठंडा हो जाता होगा.”

“म्हनूनच शिकेल लोकं वर राह्यतात वाटते,” संगीताताई म्हणाल्या.

त्या दोघी हसत होत्या अन् मी मनात मजले मोजत होते. हॉस्टेल कितव्या मजल्यावर असेल? खिडकीला जाळी असेल का? खुशीला झोपेत उठून चालायची सवय, एकदा तांड्यावर अंगणात जाऊन बसली होती. त्या दिवसापासून मी जो भेटेल त्याला विचारायला लागले. खुशीच्या पप्पांना विचारलं. ते फोनवर म्हणाले, “अवं, पोरगी पास तं होऊ दे.” एसटीच्या कंडक्टरला विचारलं, कारण तो नागपूरला जाऊन येतो. एका मेडिकलवाल्याचा भाऊ नागपूरला राहतो असं कळलं, म्हणून दुकानात जाऊन त्याला विचारलं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं अन् म्हणाला, “वहिनी, गोळी कशाची द्यायची तेवढं सांगा.”

*

स्लम या शब्दाला जागा शोधायला आम्ही खुशीचं इंग्रजीचं पुस्तकच घेऊन बसलो होतो. त्यात रंगीत चित्र. टिनाची घरं एकाला एक लागून, मधून नाली, अन् एका नळावर बायांची रांग.

“बसस्टँडच्या मांगं दाखवून देऊ,” संगीताताई म्हणाल्या.

“वहाँ मेरी काज-बटन वाली रहती है,” शबाना भाभी म्हणाल्या. “उसके घर को मैं ये नाम नहीं दूंगी.”

“मंग नदीच्या कडंनं.”

“वहाँ कौन है?”

संगीताताई थांबल्या. “हाव, तिथी वच्छलाबाई हाय नं. आमचा कापूस वेचाले येते. तिले समजलं तं जित्ती ठेवन का मले?”

मग दोघी पुस्तकाकडे पाहत राहिल्या. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही, त्यावरून मला समजलं की तिसरी जागा कोणती राहिली होती.

संगीताताईंनी पुस्तक मिटलं. “हे आर्णीत नाही बाई. हे शहरातच भेटत असन.”

शाळा सुटली. खुशी धावत आली, “मम्मी, आज कोणती जागा?”

“आजचा शब्द इथी होत नाही बेटा,” संगीताताईंनीच उत्तर दिलं. “चाल, कुल्फी खा.”

*

लोनलीचं सगळ्यात अवघड गेलं. मिसनी समजावून सांगितलं होतं, शहरात इतकी माणसं असतात पण शेजारच्या दारामागं कोण राहतं ते माहीत नसतं, म्हणून माणसाला एकटं वाटतं.

संगीताताईंना ते पटेचना. “माह्या भाजीत मीठ जास्त झालं तं माह्याआंधी शेजारनीले समजते. आर्णीत एकटं राहाले जागा कुठी हाय?”

शोधत राहिलो. मशिदीजवळच्या ओट्यावरचे म्हातारे चाचा सुचवले, तर शबाना भाभी म्हणाल्या त्यांना भांडायला चार दोस्त आहेत, रोज येतात. जिनिंगचा चौकीदार म्हणावं, तर त्याची कुत्री, एकेकाला नाव ठेवून हाक मारतो. शेवटी लेकरांनाच विचारलं, सांगा, लोनली कोण?

खुशी लगेच म्हणाली, “आमच्या मिस.”

“चूप,” मी म्हटलं.

“खरंच मम्मी. त्या डबा एकट्या खातात. सुट्टीच्या दिवशी पण शाळेत येऊन बसतात.”

मिस आमच्या मागंच उभ्या होत्या, स्कूटीची किल्ली हातात. बाभुळगाव सोडून त्या आर्णीत एका खोलीत राहायच्या, एवढंच आम्हाला माहीत. घरी काय बिनसलं होतं ते आम्ही विचारलं नव्हतं. वर्गात कोणाचं उत्तर बरोबर आलं की त्या ज्या आवाजात म्हणायच्या, त्याच आवाजात म्हणाल्या, “करेक्ट.” अन् गाडी सुरू करून गेल्या.

दुसऱ्या दिवशी संगीताताई मधल्या सुट्टीतच डबा घेऊन गेटवर आल्या. पातोडीचा रस्सा, भाकर, वरून कांदा. चौकीदाराला म्हणाल्या, “मिसले सांग, वेदांतच्या मम्मीले अभ्यासातलं अडलं.”

मिस बाहेर आल्या. त्या दिवसापासून बाकावर आम्ही चौघी झालो.

परीक्षा संपल्या तशी त्यांना पुण्याच्या शाळेत नोकरी लागली. निघताना भेटायला आल्या. शबाना भाभींनी त्यांच्या ओढणीला पिको करून दिला होता. तो देताना विचारलं, “वहाँ जान-पहचान का कोई है?”

“होईल,” मिस म्हणाल्या.

आता त्यांचा फोन लागत नाही. नंबर बदलला असेल.

*

तोंडीच्या आधी माझी याडी, म्हणजे आई, फुलसावंगीकडच्या तांड्यावरून आली. ज्वारीचं पीठ अन् तुरीची डाळ घेऊन. याडीला मराठी समजते, पण बोलते ती आमच्याच बोलीत.

संध्याकाळी खुशीला मी दिव्यासमोर बसवायचे. ती मागंपुढं डोलत एका चालीत म्हणायची, “क्राउडेड, नॉइझी, पोल्युटेड, ट्रॅफिक जॅम...” अडली की मी सुरुवातीचं अक्षर सांगायचे. याडी भिंतीला टेकून ऐकत होती.

“पोरगी काय म्हणते?”

“शब्द पाठ करते याडी. जायच्या आधी आले पाहिजेत.”

“हो,” याडी म्हणाली. “जायच्या आधी आलेच पाहिजेत. आम्हालाही असंच बसवायच्या.”

मग तिनं खुशीला ढावलोचं सांगितलं. आमच्यात मुलगी सासरी निघाली की आईच्या, आजीच्या गळ्यात पडून सुरात रडते, त्याला ढावलो म्हणतात. नुसतं रडणं नाही. आई, भाऊ, विहीर, गोठ्यातली गाय, चूल, एकेकाचं नाव घेऊन निरोप घ्यायचा. गळ्यात पडलेली बाई एक ओळ म्हणते अन् थांबते, मग जाणारीनं आपली म्हणायची. ते आपोआप येत नाही. लग्न ठरलं की म्हाताऱ्या बाया पोरीला संध्याकाळी घेऊन बसत अन् शिकवत. याडीला तिच्या आजीनं शिकवलं होतं.

माझं लग्न झालं तोवर तांड्यावर कोणी शिकवत नव्हतं, कोणी शिकत नव्हतं. अन् मांडवाच्या तोंडाशी डीजे. निघताना याडी माझ्या गळ्यात पडली. तिचे ओठ हललेले मला दिसले, ऐकू काहीच आलं नाही. मग ती थांबली. मला म्हणायला काही येत नव्हतं. डीजेवाल्यानं गाणं बदललं अन् कोणीतरी मला गाडीत बसवलं. याडी अजून म्हणते, माझी पाठवणी अर्धीच राहिली.

खुशीनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, “म्हणजे नॉइझी.”

स्लम सोडला तर तोच एक शब्द राहिला होता. त्याला जागा मिळाली.

*

तोंडीला आम्ही तिघं नागपूरला गेलो. एसटी उड्डाणपुलावर चढली तेव्हा खुशी खिडकीला नाक लावून म्हणाली, “मम्मी, रस्त्यावर रस्ता.” मी डोळे मिटून घेतले होते.

शाळेत तिला आत बोलावलं. दार अर्धं उघडं. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर. खुशीचे पप्पा दहावी झालेले, आत काय चाललं ते मला हळू आवाजात मराठीत सांगत होते.

“चित्र दाखवलं वाटते. म्हनते, घरं जवळ जवळ आहेत. एक नळ आहे. सगळ्या आंट्या तिथं उभ्या राहून बोलतात. नोबडी इज लोनली. कोनी एकटं नाही म्हनते.”

माझ्या लक्षात आलं चित्र कोणतं ते.

“आता मॅडम विचारते, अशा जागेले काय म्हनतात?”

खुशी अडली. मी त्यांचा हात धरला. सगळे शब्द आले अन् हाच नाही, कारण याचीच जागा आम्ही तिला दाखवली नाही. मनातल्या मनात मी सुरुवातीचं अक्षर म्हणत होते, जणू ते दारातून आत जाईल.

मग खुशीचा आवाज आला. खुशीचे पप्पा सांगायचे थांबले.

“काय म्हनते?”

“म्हनते, मॅडम, हे आमच्या आर्णीत नाही.”

आत कोणीतरी हसलं. मॅडमनी आणखी काही विचारलं. “विचारते, तू कशा घरात राह्यतं?” अन् खुशी बोलायला लागली. आता ती अडत नव्हती. टिन, नळ, लाईन, हे शब्द तर मलाही समजत होते. ती आमच्या खोलीचं सांगत होती, उत्साहानं, हात हलवत. 

ती बाहेर आली तेव्हा हातात चॉकलेट होतं.

निघताना गेटवरच्या चौकीदाराला मी विचारलंच, “भाऊ, वरच्या खिडक्याइले जाळी हाय का?”

“हाय नं ताई, सगळ्याइले हाय. नव्या पोरी पयला महिना ते धरूनच उभ्या राह्यतात.”

मी जाळी आहे, एवढंच ऐकलं. रस्ताभर खुशीच्या पप्पांना सांगत आले, जाळी आहे, जाळी आहे.

*

नाव लागलं. कुठल्या उत्तरावर लागलं, देव जाणे. खुशी गेली, मग आर्णीत मी कशाला राहू? खोली सोडली अन् तांड्यावर आले. संगीताताईंनी वेदांतला गावाकडून मोटरसायकलवर नेणं-आणणं सुरू केलं. शबाना भाभींचं घर जवळच, आलिया आता एकटी जाते येते. मध्ये बियाण्यासाठी आर्णीला गेले तर मुद्दाम त्या रस्त्यानं गेले. रसवंतीच्या बाकावर कोणीच नव्हतं. शाळा सुटायला वेळ होता. थोडी बसले अन् उठले. मी कोणाची वाट पाहते, असं कोणी विचारलं असतं तर काय सांगायचं?

रविवारी खुशीचा फोन येतो. एका फोनवर सगळ्या पोरींचा नंबर, मागं गलका असतो. मी विचारते, जेवली का, रात्री उठून चालते का, खिडकीजवळचा पलंग तर नाही ना? ती म्हणते, “मम्मी, रश अवर आहे. ठेवू?”

रश अवरला आम्ही जागा दिली होती ती शाळा सुटायची वेळ. घंटा व्हायची, गेट उघडायचं, अन् सगळ्या गर्दीतून ती पळत येऊन माझ्या कमरेला धडकायची.

“ठेव,” मी म्हणते.

*

एक किस्सा मी मागं ठेवला. तो या फोनच्या आधीचा, ती निघाली त्या सकाळचा.

आर्णीच्या बसस्टँडवर आम्ही सगळे. खुशीचे पप्पा तिला सोडायला जाणार होते, त्यांनी पेटी आधीच वर चढवली होती. संगीताताईंनी शेंगदाण्याचे लाडू आणले. शबाना भाभींनी नवा फ्रॉक शिवला होता, आतून खिसा लावून, त्यात आपला नंबर लिहिलेली चिठ्ठी. याडी पहिल्या गाडीनं आली होती. 

नागपूरची गाडी लागली. कंडक्टर म्हणाला, “चला, बसा.” खुशी पाया पडायला वाकली, तशी याडीनं तिला धरली. आपली ओढणी दोघींच्या डोक्यावरून घेतली, पोरीच्या गळ्यात पडली, अन् तिथं, भर बसस्टँडवर, ढावलो म्हणायला सुरुवात केली.

मी तो आवाज माझ्या लहानपणी ऐकला होता. त्यानंतर नाहीच. बाकड्यावरची माणसं वळून पाहायला लागली. पाणी विकणारा थांबला. कंडक्टरनं घंटीच्या दोरीला घातलेला हात तसाच राहिला.

याडीची ओळ संपली. अन् ती थांबली.

ही थांबायची जागा मला माहीत होती. इथं जाणारीनं म्हणायचं असतं. ओढणीखालून खुशीनं माझ्याकडे पाहिलं, अडली की पाहायची तशी, सुरुवातीचं अक्षर मागायला. माझ्याकडे नव्हतं.

तिनं दोन्ही हात याडीच्या गळ्यात टाकले. अन् याडीच्याच सुरात, हळूच, म्हणाली, “क्राउडेड... नॉइझी... पोल्युटेड...”

याडी हुंदका देऊन मोठ्यानं रडली. तिनं दुसरी ओळ म्हटली, पहिलीपेक्षा लांब, अन् थांबली.

“ट्रॅफिक जॅम... स्कायस्क्रेपर...”

संगीताताईंनी पदर तोंडात धरला. शबाना भाभी दुसरीकडे पाहायला लागल्या. याडी म्हणत होती अन् थांबत होती, खुशी म्हणत होती, डोलत, मागंपुढं, दिव्यासमोर बसायची तशी. आता तीही रडत होती. “रश अवर,” ती म्हणाली. जागा न मिळालेला शब्द तिनं गाळला, अन् शेवटचा लांबवून म्हटला, याडीनं सूर लांबवला होता तसा, “लोनली...”

मग कंडक्टरनं दोरी ओढली.

गाडी वळणाआड जाईपर्यंत याडी उभी राहिली. ओढणी नीट केली, डोळे पुसले, अन् माझ्या पाठीवर हात ठेवून आमच्या बोलीत म्हणाली, “तुला आलं नाही, पण पोरीला छान शिकवलंस. जायच्या वेळी एकही नाव विसरली नाही.”